खुर्ची आपली, हिशेब कुणाचा?

६ ऑक्टोबर २०२५. दिल्ली. सर्वोच्च न्यायालयाचं पहिल्या नंबरचं कोर्ट. एका म्हाताऱ्या वकिलाने सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या दिशेने बूट फेकायचा प्रयत्न केला आणि सनातनचा अपमान सहन करणार नाही म्हणून ओरडला. बूट लागला नाही. सरन्यायाधीशांनी सांगितलं, लक्ष देऊ नका, काम चालू ठेवा. काम चालू राहिलं. कोर्टाने तक्रार केली नाही. पोलिसांनी त्या वकिलाला काही तास बसवलं, त्याचा बूट त्याला परत दिला नि घरी सोडलं. बार कौन्सिलने सनद थांबवली. पुढे ॲटर्नी जनरलनी बेअदबीचा खटला चालवायला संमती दिली, तर कोर्टच म्हणालं की कशाला त्याला मोठं करायचं.

ठीक आहे. तो गवईसाहेबांच्या मनाचा मोठेपणा. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण तो बूट एका माणसावर नव्हता. तो म्हणाला विष्णूच्या मूर्तीबद्दल बोलले म्हणून. याआधीचे सरन्यायाधीश काय तोंडात मूग धरून बसले होते? बूट निघाला तो आपल्या माणसावर. असा बूट गावोगाव रोज पडतो. तिथे कॅमेरा नसतो एवढाच फरक.

आता ह्याच कोर्टाचा बेअदबीचा दर बघा. मे २०१७ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सी. एस. कर्णन यांना ह्याच सर्वोच्च न्यायालयाने बेअदबीसाठी सहा महिने तुरुंगात पाठवलं. दलित माणूस. खुर्चीवर असलेला उच्च न्यायालयाचा न्यायाधीश. त्यांनी वीस न्यायाधीशांवर भ्रष्टाचाराचे आरोप केले होते. त्यांचं म्हणणं वर्तमानपत्रांनी छापायचं नाही असाही हुकूम झाला. कर्णन यांची वकिली मी करत नाही. ते पुढे बायकांबद्दल जे बोलले ते घाण होतं, आणि त्यांनी काढलेले हुकूमही डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाचे नव्हते. पण दर तर बघाल? दलित न्यायाधीश कागदावर आरोप करतो, सहा महिने. ऑगस्ट २०२० मध्ये प्रशांत भूषण दोन ट्वीट करतात, एक रुपया. सनातनी वकील बूट काढतो, शून्य आणि वर बूट परत.

राजा ढाले यांनी १९७२ साली ‘साधना’त ‘काळा स्वातंत्र्यदिन’ लिहिला तेव्हा असाच दर मांडला होता. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला दंड किती आणि दलित बाईच्या लुगड्याला हात घातला तर किती, एवढा साधा हिशेब. अख्खा पांढरपेशा महाराष्ट्र त्यांच्या अंगावर धावून गेला. हिशेब चुकला आहे असं मात्र कुणाला दाखवता आलं नाही. पन्नास वर्षं उलटली. दरपत्रक तेच आहे.

गेल्या वर्षी आपण नाचलो. १४ मे २०२५ ला रा. सू. गवईंचा मुलगा, नागपूरच्या कोर्टात वकिली केलेला, चैत्यभूमीला डोकं टेकवणारा बौद्ध माणूस देशाचा बावन्नावा सरन्यायाधीश झाला. पहिला बौद्ध. के. जी. बालकृष्णन यांच्यानंतरचा दुसरा दलित. आपण पेढे वाटले, बॅनर लावले. वाटायलाच पाहिजे होते. चारच दिवसांनी, १८ मे ला, ते मुंबईत सत्काराला आले तर राज्याचे मुख्य सचिव, पोलीस महासंचालक आणि मुंबईचे पोलीस आयुक्त ह्या तिघांपैकी एकालाही यायला वेळ मिळाला नाही. साहेबांनी भर सभेत बोलून दाखवलं तेव्हा तिघेही धावत चैत्यभूमीवर हजर. देशातली सगळ्यात वरची खुर्ची मिळाली तरी वेशीवर थांबून ‘मी आलोय’ म्हणून सांगावं लागतं, हे आपण उघड्या डोळ्यांनी बघितलं.

सहा महिने झाले. २३ नोव्हेंबर २०२५ ला ते निवृत्त झाले. दुसऱ्या दिवशी न्या. सूर्यकांत यांनी शपथ घेतली. आता पेढ्याचा पुडा रिकामा झाला आहे, तर एक कडू गोष्ट बोलू या. खुर्चीवर आपला माणूस बसणं म्हणजे कोर्ट आपल्याला उत्तर द्यायला लागणं नव्हे. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एक समजून गप्प बसलो.

आमचं गाव मेडशी. तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम. अकोल्याहून वाशीमला जाताना रस्त्यावर लागतं. तिथली माझी आत्या मला म्हणाली, “काऊन रे, आपला मानूस तिथं बसला होता नं? मंग आपल्या वावराचं काऊन नाई झालं?” मी गोदीत माल उतरवणारा, मॅट्रिक झालेला पोरगा. तिला काय सांगू? तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला म्हणून हे लिहितो आहे.

तिचं वावर म्हणजे ई-क्लासची जमीन. वऱ्हाडात गायरानाला ई-क्लास म्हणतात. गावच्या गुरांसाठी राखलेली सरकारी पडीक. आपल्या लोकांनी ती दगडगोटे वेचून कसायला घेतली. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला आणि लाखोंनी तुरुंग भरले ते ह्याच जमिनीसाठी. १९९१ साली महाराष्ट्र सरकारने शासन निर्णय काढला की भूमिहीन दलित-आदिवासींनी १४ एप्रिल १९९० पर्यंत केलेली वहिवाट त्यांच्या नावावर करायची. किती ठिकाणी केली? तलाठ्याला विचारा. तो साहेबांना विचारा म्हणेल. साहेब दौऱ्यावर असतील.

मग २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात निकाल दिला. खटला पंजाबातला. गावच्या तळ्याच्या जागेत भराव घालून घरं बांधणाऱ्यांविरुद्धचा. त्या घरं बांधणाऱ्यांबद्दल निकाल योग्यच असेल. पण दोन न्यायमूर्तींनी एका झटक्यात देशातल्या सगळ्या राज्यांना हुकूम सोडला की गावोगावची सामाईक जमीन मोकळी करा. त्याच निकालात सांगितलं आहे की भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना सरकारी आदेशाने पट्टा दिला असेल तर अपवाद करता येईल. महाराष्ट्र सरकारने १२ जुलै २०११ ला शासन निर्णय काढला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन सरकारला जाब विचारला आणि पुन्हा नोटिसांचा पाऊस पडला. ‘जमीन मोकळी करा’ हे गावापर्यंत आलं. अपवादाची ओळ वाटेतच गळून पडली. बिल्डरने गिळलेली सामाईक जमीन सुटत नाही. आत्याचं वावर मात्र अतिक्रमण.

ह्या निकालाबद्दल कुणाला विचारायचं? मेडशीच्या माणसाला मालेगावचं कोर्ट आहे. त्याच्यावर वाशीमचं जिल्हा कोर्ट. १९९८ ला वाशीम जिल्हा झाला, त्यानंतर ते जरा जवळ आलं. त्याच्यावर नागपूरचं खंडपीठ. त्याच्यावर दिल्ली. दिल्ली काही जवळ आली नाही. एकेक पायरी म्हणजे एकेक शेळी विकणं. दिल्लीला पोचेपर्यंत गोठ्यात दावणच उरते. तिथे पोचलात तर इंग्रजी. २०२५ साली तिथे ऐंशी हजारांच्या वर प्रकरणं पडून होती. कुणाचं प्रकरण कधी, कुणापुढे लागणार हे ठरवणारा एकच माणूस, सरन्यायाधीश. त्याला म्हणतात मास्टर ऑफ रोस्टर. धनीच म्हणा ना.

१२ जानेवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाचे चार सगळ्यात ज्येष्ठ न्यायमूर्ती, चेलमेश्वर, गोगोई, लोकूर आणि जोसेफ, हिरवळीवर येऊन पत्रकारांना म्हणाले की खटले वाटण्याची रीत बरोबर नाही. न्यायमूर्तींना स्वतःची तक्रार घेऊन बाहेर यावं लागलं, तर मेडशीच्या बाईने कुठे जायचं? त्याच वर्षी जुलैत कोर्टाने निकाल दिला की खटले वाटण्याचा अधिकार एकट्या सरन्यायाधीशांचाच. म्हणजे कोर्टाबद्दलच्या तक्रारीचा निकाल कोर्टानेच लावला आणि कोर्टच जिंकलं. त्या चौघांतले गोगोई पुढे स्वतः सरन्यायाधीश झाले. त्यांच्यावर कोर्टातल्याच एका बाईने लैंगिक छळाचा आरोप केला, तेव्हा २० एप्रिल २०१९ ला शनिवारी खास बैठक भरली आणि तिच्यात स्वतः गोगोईच जाऊन बसले. आमच्या गोदीत ज्याच्यावर तक्रार त्यालाच चौकशीवर बसवलं तर टोळी हूक खाली टाकील. मार्च २०२० मध्ये तेच गोगोई राज्यसभेत गेले. निवृत्तीनंतर पुरते चार महिने.

गोदीत एक रीत आहे. माल मोजल्याशिवाय हलत नाही. टॅली क्लार्क उभा असतो, फेरी मोजतो, काडी मारतो. पोतं फाटलं तर कुणाच्या टोळीत फाटलं ते लिहिलं जातं. आम्ही अडाणी हमाल, पण आमच्या प्रत्येक फेरीचा कागद आहे. देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टात माणसं आत कशी येतात, त्याचा असा कागद आहे काय?

बघू या. न्यायाधीश न्यायाधीशांना निवडतात. त्याला कॉलेजियम म्हणतात. १९९३ आणि १९९८ च्या निकालांनी कोर्टाने हा अधिकार स्वतःच स्वतःला दिला. घटनेत हा शब्द शोधून दाखवा, मी एका महिन्याची मजुरी हरतो. बाबासाहेबांनी २४ मे १९४९ ला घटना समितीत स्वच्छ सांगितलं होतं की सरन्यायाधीश कितीही मोठा असला तरी तोही आपल्यासारखाच माणूस, त्याला आपल्यासारखेच दोष, भावना नि पूर्वग्रह असतात, म्हणून नेमणुकांत शेवटचा शब्द त्याच्या हातात देणं धोक्याचं आहे. बाबासाहेबांचा पुतळा कोर्टाच्या आवारात २०२३ ला उभा केला. त्यांचा हा शब्द आत घ्यायला मात्र जागा मिळाली नाही.

ह्या निवडीचं पीक काय? सरकारने मार्च २०२५ मध्ये राज्यसभेत दिलेला आकडा ऐका. २०१८ पासून उच्च न्यायालयांत ७१५ न्यायाधीश नेमले. त्यांतले अनुसूचित जातीचे २२. अनुसूचित जमातीचे १६. ओबीसी ८९. अल्पसंख्य ३७. बाकीचे कोण ते तुम्हीच ओळखा. शंभर पोत्यांत आपली तीन. सर्वोच्च न्यायालय १९५० ला सुरू झालं. तिथे पहिला दलित न्यायमूर्ती, ए. वरदराजन, १९८० ला आला. तीस वर्षं. २०१० ला बालकृष्णन निवृत्त झाले, त्यानंतर २०१९ ला गवई येईपर्यंत नऊ वर्षं त्या बाकावर एकही दलित नाही. दलित बाई तर २०२५ संपेपर्यंत एकदाही नाही. मुळात २०२५ च्या अखेरीला अख्ख्या सर्वोच्च न्यायालयात बाईच एक होती, बी. व्ही. नागरत्ना. त्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये एका नेमणुकीला लेखी विरोध केल्याच्या बातम्या आल्या. कॉलेजियमच्या ठरावात तो विरोध छापला गेला नाही. तेव्हा सरन्यायाधीश आपलेच होते. म्हणूनच म्हणतो, खुर्ची वेगळी आणि हिशेब वेगळा.

मराठी वर्तमानपत्रांना फार अभिमान आहे की मराठी माणसं सरन्यायाधीश होतात. होतात. गजेंद्रगडकर झाले, बोबडे झाले, लळित झाले. चंद्रचूड तर दोनदा झाले, बाप सोळावा नि मुलगा पन्नासावा. बापाने २८ एप्रिल १९७६ ला आणीबाणीत निकाल दिला की तुरुंगात डांबलेल्या माणसाला कोर्टात दाद मागता येणार नाही. पाच जणांत एकटे एच. आर. खन्ना उलट बोलले. खन्नांची सरन्यायाधीशाची खुर्ची गेली. चंद्रचूडांना पुढे मिळाली आणि सात वर्षं टिकली. मुलाने २०१७ ला बापाचा तो निकाल चूक ठरवला, हे चांगलं केलं. पण २०२४ च्या गणपतीत ह्याच सरन्यायाधीशांच्या घरी पंतप्रधान आरतीला उभे राहिले आणि त्याची फिल्म देशभर फिरली. सरकारच्या विरोधात खटला घेऊन उभा असलेला माणूस ती फिल्म बघून काय समजला असेल?

आता आपल्या छातीवरच्या घावाकडे येतो. २० मार्च २०१८. ही तारीख लक्षात ठेवा. १९२७ साली ह्याच तारखेला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. बरोबर ९१ वर्षांनी त्याच तारखेला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी, ए. के. गोयल आणि उदय लळित यांनी, ॲट्रॉसिटी कायद्याचे दात पाडले. खटला आपल्या महाराष्ट्रातला, कराडच्या सरकारी फार्मसी कॉलेजातल्या एका दलित कर्मचाऱ्याच्या तक्रारीतून निघालेला. हुकूम असा की सरकारी नोकराला अटक करायची तर त्याला नेमणाऱ्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी, इतरांना अटक करायची तर जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखाची परवानगी, आणि गुन्हा नोंदवायच्या आधी प्राथमिक चौकशी करता येईल. कारण काय, तर कायद्याचा गैरवापर होतो. म्हणजे मार खाणाऱ्याने आधी सिद्ध करायचं की तो खोटं रडत नाही.

दोस्तहो, ह्या कोर्टाकडून हिशेब कुणी मागितला? संसदेने आपणहून नाही. वकिलांच्या संघटनांनी नाही. २ एप्रिल २०१८ ला आपण मागितला. कुठल्या मोठ्या पक्षाचा झेंडा नव्हता, हाक फोनवरून फोनवर गेली आणि भारत बंद झाला. किमान नऊ माणसं मेली. उत्तरेत आपली शेकडो पोरं तुरुंगात गेली. ऑगस्टात संसदेने झक मारत कायदा दुरुस्त केला. १ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचे ते हुकूम मागे घेतले. मागे घेणाऱ्या तिघांत न्या. गवई होते, हेही लिहून ठेवतो, कारण हिशेबात जमा-खर्च दोन्ही बाजू असतात. पण मेलेल्यांचं काय? चुकीचा हुकूम देणारे गोयल निवृत्तीच्याच दिवशी हरित लवादाचे अध्यक्ष झाले. लळित ज्येष्ठतेच्या नियमाने २०२२ ला सरन्यायाधीश झाले. कोर्टाने चूक मान्य केली आणि त्या चुकीची किंमत भरली ती रस्त्यावर पडलेल्या पोरांनी.

हे पहिल्यांदा झालं काय? नाही. आपल्याच विदर्भातली मथुरा आठवा. चंद्रपूर जिल्ह्यातली आदिवासी पोर. १९७२ साली पोलीस ठाण्यात दोन पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केला. नागपूरच्या खंडपीठाने शिक्षा दिली होती. १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडून दिलं, कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या. १९७९ ला उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर ह्या चार कायदा शिकवणाऱ्यांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर आल्या. कोर्ट हललं नाही. १९८३ ला कायदा बदलावा लागला. मथुरेला मात्र न्याय मिळाला नाही तो नाहीच.

खैरलांजीचे भैयालाल भोतमांगे आठवा. २००६ ला बायको, मुलगी, दोन मुलगे गेले. भंडाऱ्याच्या कोर्टाने २००८ ला सहा जणांना फाशी दिली. नागपूर खंडपीठाने २०१० ला ती पंचवीस वर्षांवर आणली. जातीचा अत्याचार म्हणून मात्र तो गुन्हा कुठेच टिकला नाही. म्हणे बदला होता. भोतमांगे दिल्लीकडे डोळे लावून २०१७ ला वारले. आनंद तेलतुंबडे आठवा, यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूरचा माणूस. सर्वोच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला आणि २०२० च्या १४ एप्रिलला, भीमजयंतीला, त्यांना स्वतःला पोलिसांच्या हवाली करावं लागलं. अडीच वर्षं आत. त्याच २०२० च्या नोव्हेंबरात अर्णब गोस्वामीला अटक झाली आणि आठव्या दिवशी त्याच कोर्टाने जामीन दिला. माणसाचं स्वातंत्र्य मोठं आहे असं तेव्हा कोर्ट म्हणालं. खरं आहे. सगळ्याच माणसांचं मोठं असतं तर बरं झालं असतं.

आणि न्यायाधीशाचाच पाय घसरला तर? १९९१ च्या वीरास्वामी निकालाने ठरवून ठेवलं की सरन्यायाधीशांना विचारल्याशिवाय न्यायाधीशावर गुन्हा नोंदवायचा नाही. १९९३ ला व्ही. रामस्वामींविरुद्ध लोकसभेत महाभियोग आला, तेव्हा काँग्रेसचे खासदार मतदानाला हात न लावता बसून राहिले आणि माणूस वाचला. १९५० पासून २०२५ पर्यंत महाभियोगाने एकही न्यायाधीश घरी गेलेला नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्लीत न्या. यशवंत वर्मा यांच्या बंगल्यात आग लागली आणि जळालेल्या नोटा सापडल्याची बातमी आली. कोर्टाची घरातली समिती बसली. अहवाल बंद पाकिटात राष्ट्रपती आणि पंतप्रधानांकडे गेला. गुन्हा नोंदवा म्हणून लोक कोर्टात गेले तर त्यांना परत पाठवलं. आपल्या पोराच्या खिशात चोरीचा मोबाईल सापडला तर समिती बसते काय रे?

माहितीच्या अधिकारात सरन्यायाधीशांचं कार्यालय येतं की नाही, ह्यावर कोर्टाने स्वतःच खटला लढवला, स्वतःच ऐकला आणि १३ नोव्हेंबर २०१९ ला सांगितलं, येतं. न्यायमूर्तींची मालमत्ता मे २०२५ मध्ये वेबसाइटवर चढली. तीही कायद्याने नव्हे, ठरावाने. उद्या दुसरा ठराव केला की खाली.

आता काही शहाणे मला सांगतील, अरे, कोर्टावर टीका म्हणजे बूट फेकणाऱ्यांना मदत. सरकार टपून बसलंय कोर्ट गिळायला. मला कळतं ते. २०१५ ला कोर्टाने न्यायिक नियुक्ती आयोगाचा कायदा रद्द केला, त्यात मंत्र्याचा हात होता, आणि मंत्र्याच्या हातात न्यायाधीशाची मानगूट द्यायला मी तयार नाही. १९७३ ला तिघांना डावलून सरकारने आपला सरन्यायाधीश बसवला आणि तीन वर्षांत आणीबाणीचा निकाल आला, हे विसरलेलो नाही. पण सरकारच्या मुठीतलं कोर्ट आणि स्वतःच्याच मुठीतलं कोर्ट, एवढेच दोन पर्याय कुणी ठरवले? तिसरा आहे. लोकांना उत्तर देणारं कोर्ट. दक्षिण आफ्रिकेत काळ्या लोकांनी रक्त सांडून राज्य घेतलं आणि न्यायाधीश व्हायचंय त्याला उघड्यावर सगळ्यांसमोर मुलाखतीला बसवलं. इंग्लंडात नेमणुका करणाऱ्या आयोगावर न्यायाधीश नसलेली साधी माणसंही बसतात, आणि कोर्टाची बदनामी नावाचा बेअदबीचा गुन्हा त्यांनी २०१३ ला मोडीत काढला. आपण मात्र इंग्रजाने टाकून दिलेला हा कोट अजून घालून फिरतो.

दुसरे शहाणे आपल्यातले. ते म्हणतात, आपल्या माणसाबद्दल बोलू नको. का नको? नोव्हेंबर २०२४ ला बुलडोझरने घरं पाडणाऱ्यांना न्या. गवईंनी लगाम घातला, मी टाळी वाजवली. २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नोकरभरतीत प्रथमच अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण आलं, पंच्याहत्तर वर्षांनी का होईना, मी टाळी वाजवली. आणि १ ऑगस्ट २०२४ च्या निकालात त्यांनी दलितांत क्रीमी लेयर शोधा म्हणून लिहिलं, तिथे मी हात खाली ठेवला. कारण अधिकारी झालेल्या दलिताच्या ताटाजवळून आजही लोक उठतात. बूट काय क्रीमी लेयर बघून फेकला गेला? पोटवर्गवारीवरून मातंग भावाशी भांडायला मी जाणार नाही. तो घरातला वाटा आहे, घरात बसून सोडवू. पण ‘आपला आहे’ म्हणून निकाल न वाचता डोक्यावर घेणं ही भक्ती झाली. राजकारणातली भक्ती कुठे नेते हे बाबासाहेब सांगून गेलेत.

म्हणून मागण्या सांगतो. भीक म्हणून नव्हे. आपल्या बापाने घटना लिहिली, तिचा हिशेब म्हणून.

१) सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांतल्या प्रत्येक नेमणुकीची कारणं लेखी छापा. विरोधाचं मतही छापा. कोणत्या जातीचे, कोणत्या घरचे, किती बायका, दर वर्षी आकडे जाहीर करा.

२) न्यायाधीशांच्या नेमणुकीत दलित, आदिवासी, ओबीसी, अल्पसंख्य आणि बायकांना लोकसंख्येच्या मानाने जागा. नोकरभरतीत आरक्षण चालतं तर बाकावर का नाही?

३) निवड करणारा स्वतंत्र आयोग. त्यात मंत्र्यांचं बहुमत नको, न्यायाधीशांचंही नको. बाहेरची माणसं हवीत, शेतमजुराच्या आणि कामगाराच्या बाजूचीही. मुलाखती उघड्यावर.

४) खटले वाटायचे ते लेखी नियमाने, एका माणसाच्या मर्जीने नव्हे.

५) निवृत्तीनंतर राज्यसभा, राज्यपालपद, लवाद, सगळं बंद. न्या. गवईंनी निवृत्तीनंतर सरकारी पद घेणार नाही असं सांगितलं, ते चांगलं केलं. पण कायदा माणसाच्या चांगुलपणावर टांगून ठेवता येत नाही.

६) न्यायाधीशावरच्या तक्रारीची चौकशी त्याच्या सोबत्यांनी करायची नाही. अहवाल लोकांपुढे ठेवायचा.

७) कोर्टाची बदनामी हा गुन्हा रद्द करा. ज्याच्या निकालात दम आहे त्याला टीकेची भीती नसते.

८) ॲट्रॉसिटीच्या अपिलांना मुदत घाला. ज्याच्या आयुष्याचा निकाल लागतो, त्याच्या हातात तो निकाल त्याच्या भाषेत, त्याच दिवशी द्या.

हे वाचून ‘जय भीम’ म्हणून अंक बाजूला ठेवायचा नाही. तुम्ही मुंबई-पुण्या-नागपुरातली शिकलेली पोरं, हातात फोन आहे, इंग्रजी येतं. एकेकाने आपल्या गावचा एकेक खटला धरा. तो कुठल्या पायरीवर, किती वर्षं, कुणापुढे अडकलाय ते लिहून काढा. निकाल वाचा, मराठीत करा, पुऱ्यात मोठ्याने वाचून दाखवा. जगपाल सिंगमधली अपवादाची ओळ प्रत्येक ई-क्लासवाल्याच्या दारावर चिकटवा आणि १९९१ चा शासन निर्णय तलाठ्याच्या टेबलावर आपटा. दर २० मार्चला, महाडच्या दिवशी, तालुक्याच्या कोर्टासमोर हा सगळा हिशेब फळ्यावर लिहून उभे राहा. बेअदबी म्हणाले तर म्हणू देत. आत नेलं तर तिथेही फळा मागू.

आत्याला मी एवढंच सांगणार आहे. आपला माणूस तिथे बसला होता, आत्या, पण तो एकटा बसला होता. आपण खाली उभं राहून हिशेब मागितलाच नाही. आता मागू.

जय भीम.